बलुतं, वेठ आणि संक्रांतीचं वाण

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

संक्रांतीच्या दहा-बारा दिवस आधीची गोष्ट. आमच्या सोसायटीतली एक ओळखीची ताई घरी आली. मी क्रोशाचं काम करते, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. तोरणं, रुमाल, दिव्याखाली ठेवायची कमळाची आसनं. ताई म्हणाली, "हळदीकुंकवाला पंचवीस आसनं लागतील गं. वाण म्हणून तेच द्यायचं ठरवलंय. तुला काय, टीव्ही पाहता पाहता विणतेस. आणि सगळ्या बायांमध्ये तुझं नाव होईल."

पैशाचा विषय निघालाच नाही. मी हसून "बघते" म्हटलं आणि ती गेल्यावर हिशोब केला. एका आसनाला दीड तास. पंचवीस आसनांचे साडेसदतीस तास. दोऱ्याचेच सहाशे रुपये.

संध्याकाळी खाली बाकावर बसले होते. तिथे एक काका रोज येतात. मूळचे इकडचेच, शेती होती, आता तिथे फ्लॅट स्कीम उभी आहे. त्यांना सहज सांगितलं, तर म्हणाले, "पोरी, पयले असं नव्हतं. कुंभार गाडगे-मडके फुकटच देत होता. लोहार वखराची पास फुकट पाजून देत होता. आता साऱ्यायले पैसे पाह्यजे."

त्या वेळी मी गप्प बसले. पण "फुकटच देत होता" हे वाक्य डोक्यातून जाईना. मग घरातली जुनी पुस्तकं काढली, आणि ही पोस्ट त्यातून निघाली.

आज मनीष नगरकडून बेस्यात येताना दोन्ही बाजूंना इमारती दिसतात. ग्रामपंचायतीचं नगरपंचायत झालं. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे कास्तकारांचं गाव होतं, आणि अशा प्रत्येक गावात वस्तू बनवणारी माणसं होती. लोहार, सुतार, कुंभार, चांभार. शिवाय न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग हे सेवा देणारे. यांना मिळून बारा बलुतेदार म्हणत. यादी गावोगाव थोडी बदलायची, बाराचा आकडा मात्र कायम. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात हा सगळा कारभार बारकाईने लिहिलेला आहे. गावाकडची मुळं असलेल्या प्रत्येकाने ते वाचावं.

आता काकांचं म्हणणं. कुंभार मडकं देताना पैसे मागत नव्हता, हे खरं. लोहार पास पाजून हात पुढे करत नव्हता, हेही खरं. पण म्हणून ते फुकट नव्हतं. पैसे त्या क्षणी दिले जात नव्हते, एवढंच. हिशोब खळ्यावर व्हायचा. पीक निघालं, मळणी झाली की लोहार, सुतार, कुंभार खळ्यावर येत आणि आपला वाटा घेऊन जात. तोच बलुता. तो कुणाच्या मर्जीवर नव्हता, हक्क होता. नाही मिळाला तर भांडण गोतसभेत जायचं, तिथे नाही मिटलं तर सरकारापर्यंत.

आपल्या भागातला एक पक्का आकडा सापडतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, १९१६ साली छापला. त्यात लोहाराच्या प्रकरणात वर्ध्याचा दर दिला आहे. चार बैलांच्या एका नांगरामागे, म्हणजे साधारण ४० एकरांमागे, लोहाराला वर्षाला ५० पौंड धान्य. आजच्या मापात साधारण २३ किलो. गावात असे तीस नांगर धरले तर वर्षाचे पावणेसात-सात क्विंटल होतात. एका घराचं पोट भरेल इतकं.

पण त्याच ठिकाणी पुढे दोन गोष्टी लिहिल्या आहेत, आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटल्या.

एक, नवीन अवजार घडवायचं असेल तर त्याचे कधी कधी वेगळे पैसे दिले जात. म्हणजे वर्षाचं धान्य हे मुख्यतः दुरुस्तीचं आणि देखभालीचं. नवी वस्तू ही वेगळी बाब असू शकायची.

दोन, लोखंड आणि कोळसा नेहमी कास्तकार पुरवायचा.

हे वाचून मी थांबले. ज्या व्यवस्थेला आपण "फुकट" म्हणतो, तिच्यातसुद्धा लोहाराच्या खिशातून कोळशाचा एक तुकडा जात नव्हता. माल मागणाऱ्याचा, हात करणाऱ्याचे, आणि हाताचं मोल खळ्यावर. माझ्याकडे आलेल्या ताईला हातही माझे हवे होते, दोराही माझा, आणि खळं तर कुठेच नव्हतं.

हिरोशी फुकाझावा नावाचे एक जपानी इतिहासकार होते. त्यांनी मराठी कागदपत्रं वाचून अठराव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या खेड्यांवर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बलुतेदार हा एकेका घराचा नोकर नव्हता, तो सगळ्या गावाने मिळून ठेवलेला होता. त्याचं वतन वंशपरंपरेचं होतं. उत्तरेकडच्या जजमानी पद्धतीत कारागीर ठरावीक घरांशी बांधलेला असतो, तसं इथे नव्हतं. म्हणजे आज भाषेत आणायचं तर एखाद्या शेजारणीने येऊन "मला दे" म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. गावाचा आणि कारागिराचा करार होता, त्या करारातून वस्तू यायची.

सरकारलाही हे ठाऊक होतं. आपल्याकडे भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या कारागीर-व्यापाऱ्यांवर 'पंढरी' नावाचा कर होता, आणि इंग्रजांनीही तो पुढे चालू ठेवला. ज्याच्या हातच्या कामावर राजा कर घेतो, ते काम कमाईचं असतं. छंद असता तर कर कशाला लागला असता?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी अर्धवट लिहिल्यासारखं होईल.

बलुत्याचं गोड चित्र रंगवणाऱ्या पोस्टी अधूनमधून फिरत असतात. "कसं एकोप्याचं गाव होतं" वगैरे. आत्र्यांना स्वतःलाही ही पद्धत तेवढी गोड वाटत नव्हती. कुणब्याच्या खळ्यावर हक्काच्या आणि बिनहक्काच्या मागणाऱ्यांची कशी रीघ लागते, हे त्यांनी तक्रारीच्या सुरातच लिहिलं आहे. आणि कारागिराच्या बाजूनं पाहिलं तर अडचण याहून मोठी होती. लोहाराचा मुलगा लोहारच. त्याला हे काम नको म्हणायची सोय नव्हती. जातीच्या उतरंडीत जो जितका खाली, त्याचा वाटा तितका कमी आणि त्याला नकार तितका महाग.

हे सगळ्यात स्पष्ट कुणी मांडलं असेल तर बाबासाहेबांनी. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यांची एक मागणी अशी होती की महारांना मिळणारा बलुता रयतेच्या मर्जीवर ठेवू नका, त्याचं रोख पैशात रूपांतर करा, तो सरकारी साऱ्याबरोबर वसूल करून द्या, आणि कामं कोणती ती ठरवून द्या. साधी गोष्ट आहे. काय काम, किती पैसे, कोण देणार. एवढंसुद्धा कायदेमंडळाच्या पचनी पडलं नाही. निवड समितीतून विधेयक इतकं बदलून बाहेर आलं की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. त्याआधी १९१८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार वतनं रद्द करून वाट दाखवली होती. मुंबई राज्यात ही वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं.

विधेयकातली ती मागणी पुन्हा वाचा. मोबदला जिथे ठरलेला नसतो, तिथे तो देणाऱ्याच्या मर्जीवर जातो. आणि मर्जीवर जगणारा माणूस "नाही" म्हणू शकत नाही.

इथपर्यंत बलुत्याचं झालं. पण गावात खरोखरचं फुकटही होतं. त्याला वेगळा शब्द होता. वेठ.

साहेबाचा दौरा आला की गावाने रसद द्यायची. चारा, लाकूड, दूध, कुंभाराची मडकी, ओझी वाहायला माणसं, बंड्या. मोबदला मिळाला तर नशीब. हे काही इंग्रजांनीच आणलं असं नाही. पेशवाईतल्या वेठबेगारीच्या कागदांवर फुकाझावांनी स्वतंत्र लेख लिहिला आहे. किल्ल्यांच्या कामाला, सरकारी कामाला माणसं धरून नेली जायची, त्यात कारागीरही असत. नागपूरकडे आणखी एक पायरी होती. १८६० च्या दशकात इंग्रजांनी जमिनीची व्यवस्था लावली तेव्हा गावची मालकी मालगुजाराला मिळाली. मग साहेबाच्या वेठीबरोबर मालगुजाराच्या वाड्यावरचीही वेठ. ज्यांच्या आजोबांनी ती केली आहे, त्यांच्या घरी अजून गोष्टी सांगतात.

बलुता आणि वेठ यांच्यात वस्तू तीच असायची. तेच मडकं. कुंभारही तोच. फरक एवढाच की बलुत्यात मडकं घेणारा खळ्यावर बांधील होता, आणि वेठीत मडकं घेणारा कुणालाच बांधील नव्हता, कारण त्याच्या हातात सत्ता होती.

या वेठीविरुद्ध देशात ठिकठिकाणी लढे झाले. त्यातला एक नेमका संक्रांतीचा आहे. कुमाऊंच्या डोंगरात साहेब लोकांचं सामान गावकऱ्यांनी फुकट वाहायचं, त्याला 'कुली बेगार' म्हणत. त्यांना लागणाऱ्या वस्तूही गावानेच पुरवायच्या, त्याला 'बर्दायश' म्हणत. कुणाची पाळी कधी, याच्या वह्या गावच्या मुखियांकडे असत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या जत्रेत हजारो माणसं जमली. त्यांनी पुढे बेगार न देण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या. कुमाऊंची बेगार त्यानंतर बंद पडली.

मला या गोष्टीत त्या वह्या फार महत्त्वाच्या वाटतात. मागणाऱ्याकडे वही होती, करणाऱ्याकडे नव्हती.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्यातल्या कलम २३ मध्ये 'बेगार' हा आपला देशी शब्द आहे. इंग्रजी मसुद्यातसुद्धा तो तसाच ठेवला. बेगार आणि सक्तीचं काम बेकायदेशीर. पाठोपाठ १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात आणखी पुढची गोष्ट सांगितली. किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम हेही सक्तीचंच काम. कारण पोटाची अडचण हीसुद्धा सक्ती आहे, नुसती काठी म्हणजेच सक्ती नाही.

आणि आपण नागपूरकर आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला या शहरात जे झालं, त्यानंतर कितीतरी गावांत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची गावकीची कामं सोडली. उपाशी राहिले, बहिष्कार सोसला, पण "आता नाही" म्हणाले. नकार देता येणं ही किती मोठी कमाई आहे, हे या शहराला वेगळं सांगायला नको.

माझ्या दोऱ्याच्या आसनांची आणि त्या लढ्याची बरोबरी नाही. मला कुणी बहिष्कृत करणार नव्हतं. फार तर एक ताई रुसली असती. पण "नाही" म्हणायला मला तीन दिवस लागले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा ज्यांना खरी किंमत मोजावी लागली, त्यांनी ते कसं म्हटलं असेल, याचा विचार मनात आलाच.

मग प्रश्न असा की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, शिकल्यासवरलेल्या बाईला दुसऱ्या बाईकडे साडेसदतीस तास फुकट मागताना काहीच कसं वाटत नाही? ती वाईट बाई नाही. माझ्या आजारपणात तिने डबा दिला आहे. मला वाटतं, यामागे बाईच्या कामाची एक जुनी नोंद आहे, किंवा नोंदच नाही. लोहाराचा बलुता ठरलेला होता. पण कुंभाराच्या घरात माती मळणारी, पणत्या रंगवणारी बाई कुठल्या हिशोबात होती? बलुता घराला मिळे, घरातल्या पुरुषाच्या नावाने. गोधडी शिवणं, वाती वळणं, कुरडया, शेवया, तोरण, विणकाम हे तर कामच नव्हतं. "घरी बसून" केलेलं ते. त्यामुळे आजही बाईने घरात बनवलेली वस्तू दिसली की पहिला विचार किमतीचा येत नाही, "एक मलाही" हा येतो.

हा विचार मोडून दाखवणाऱ्याही बायाच होत्या. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. लिज्जत पापड. पापड हा घरात लाटायचा आणि शेजारी वाटायचा पदार्थ. त्यांनी त्याला दर लावला. आणि एक नियम ठेवला, कुणाकडून देणगी घ्यायची नाही. दानही नको, फुकटही नको. मला हे दोन्ही नियम एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात.

आता आजचं बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे, खेळणी करणारे. यादी वाचताना अर्धा 'गावगाडा' डोळ्यापुढे येतो. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि प्रशिक्षणाला बसलात तर दिवसाचे ५०० रुपये. योजना गावपातळीवर कशी चालते, यावर वेगळं बोलू. पण शिकायला बसलेल्या माणसाच्या दिवसालाही मोल आहे, हे निदान कागदावर मान्य झालं.

आणि आपल्या आजूबाजूला? बचत गटाच्या बायांना विचारा. एका कार्यक्रमात पाहुण्यांना द्यायला वीस तोरणं माझ्या ओळखीच्या एका गटाकडे "सहकार्य म्हणून" मागितली गेली. त्याच कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे होते, जेवणवाल्याला होते, बॅनरवाल्याला तर आगाऊ होते. फक्त हातानं तोरण करणाऱ्या बायांसाठी सहकार्य होतं. मागणारा मोठा माणूस होता, आणि पुढच्या वेळी स्टॉल त्याच्या शब्दावर मिळणार होता. म्हणून गटाने दिली. ही वेठच ना? नुसती गोड बोलून मागितलेली.

म्हणून मी माझ्यापुरते तीन शब्द वेगळे करून ठेवले आहेत. कुणी वस्तू मागितली की मी मनात विचारते, हे यातलं काय?

भेट असेल तर ती माझ्या मनातून निघते. या इमारतीत कुणाकडे बाळ झालं की मी टोपडं विणून नेते. कुणी सांगावं लागत नाही आणि त्याचे पैसे मी घेणारही नाही. मागून घेतलेली वस्तू भेट नसते.

बलुता असेल तर समोरूनही काहीतरी येतं, आज ना उद्या, आणि ते दोघांनाही माहीत असतं. खालच्या मजल्यावरची वहिनी माझ्या मुलाचं गणित घेते, मी तिच्याकडच्या सगळ्या समारंभांची तोरणं करते. आम्ही कधी पैशाचं बोललो नाही, पण खळं दोघींनाही ठाऊक आहे.

आणि यातलं काहीच नसेल, एकाने घ्यायचं आणि एकाने ओळखीखातर द्यायचं असेल, तर ती वेठ. मागणाऱ्याच्या हातात काठी नसली तरी "एवढंही करत नाहीस?" ही काठीच आहे.

चौथ्या दिवशी मी ताईला फोन केला. म्हटलं, "तुझ्या हळदीकुंकवाला माझ्याकडून पाच आसनं, भेट. बाकीची हवी असतील तर एकाचे साठ रुपये. किंवा दोरा तू आण, मग चाळीस. किंवा दुपारी ये, मी शिकवते, आपण दोघी मिळून विणू." ती म्हणाली, "राहू दे गं, बघते काहीतरी." आवाज थंड होता. पुढे दोन आठवडे लिफ्टमध्ये बोलणं नव्हतं. वाण म्हणून तिने इतवारीतून स्टीलच्या वाट्या आणल्या. रोख पैसे देऊन. त्या दुकानदाराला काही तिने "तुमचं नाव होईल" म्हटलं नसेल.

आता बोलतो आम्ही. ती पाच आसनं तिच्या देवघरात आहेत.

काकांना मी त्या वर्ध्याच्या लोहाराचं सांगितलं. लोखंड आणि कोळसा कास्तकाराचा, हे ऐकून ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव, खरंच. कोळसा आमच्या घरूनच जाये. मी लहान होतो, बाबा मलेच पाठवत पोतं घेऊन. भाता मीच ओढत होतो. आन् खळ्यावर रास पडली का लोहाराच्या पायल्या पयले मोजत, मंग बाकीचं घरी." पुन्हा थोडं थांबून म्हणाले, "मंग फुकट कुठं होतं?"

तुमच्या गावात लोहाराचा, कुंभाराचा, सुताराचा दर काय होता? किती पायल्या, कुठल्या सणाला काय? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा आणि लिहून ठेवा. मागणाऱ्यांच्या वह्या पुष्कळ झाल्या. करणाऱ्यांची एक तरी वही असू द्या.